बॉलवर पाय ठेवून उभा राहणारा रिकेल्मे

30 जून 2006. बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. यजमान जर्मनीविरुद्ध अर्जेंटिना एक-शून्यने पुढे. 72व्या मिनिटाला रेषेबाहेर फलक वर गेला आणि त्यावर 10 हा आकडा दिसला. अर्जेंटिनाच्या खेळाचा सूत्रधार हुआन रोमान रिकेल्मे चालत बाहेर आला, एस्तेबान कांबियासो आत गेला. तोवरचा एकमेव गोल रिकेल्मेच्याच कॉर्नरवर आयालाने डोक्याने मारला होता. प्रशिक्षक होसे पेकरमन यांचा हिशेब सरळ होता. आघाडी हातात आहे, अठरा मिनिटं काढायची आहेत, आता धावणारा आणि बॉल हिसकावणारा माणूस हवा. आठ मिनिटांनी क्लोझेने बरोबरी केली. सामना पेनल्टींवर गेला, जर्मन गोली येन्स लेमानने आयालाची पेनल्टी अडवली, मग कांबियासोची. अर्जेंटिना घरी गेली.

पेकरमन यांची बाजू घेणारे पुष्कळ भेटतात. रिकेल्मे दमला होता, जर्मनीचा फ्रिंग्ज त्याला चिकटून होता, गोली अबोंदान्सिएरी जखमी झाल्याने एक बदली खेळाडू आधीच खर्ची पडला होता, वगैरे. मला हे कधीच पटलं नाही. आघाडी टिकवायची असते तेव्हा संघाला श्वास घ्यायला जागा लागते, आणि अर्जेंटिनाच्या त्या संघात ती जागा म्हणजे हा एक माणूस होता. तो गेल्यावर बॉल कुणाकडे ठेवायचा हे उरलेल्यांना कळेना. ते बॉल लांब मारत राहिले आणि जर्मन तो परत आणत राहिले. एवीतेवी बचावच करायचा होता, तर बॉल रिकेल्मेच्या पायाखाली असताना होतो त्याहून चांगला बचाव मी पाहिलेला नाही.

त्याच्या खेळाचं वर्णन करायला मला नेहमी अडचण येते, कारण वर्णन करण्यासारखं तो फार थोडं करायचा. गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचा. बुटाचा तळवा बॉलवर, अंग प्रतिस्पर्धी आणि बॉल यांच्या मधे, हात किंचित फाकलेले. एकजण येऊन भिडायचा, मग दुसरा. तो हलायचा नाही. दोघं त्याच्या अंगावर आले म्हणजे मैदानात दुसरीकडे कुठेतरी त्याचे दोन सहकारी मोकळे झालेले असायचे, आणि ते कोण हे त्याला मान न वळवता ठाऊक असायचं. मग एक साधा पास. बहुतेक वेळा दहा-पंधरा फुटांचाच. पण तो पास ज्याला मिळायचा त्याच्याकडे विचार करायला एक जादा क्षण असायचा. रिकेल्मेची सगळी कारकीर्द मला या एका क्षणात दिसते. दुसऱ्यांना वेळ मिळावा म्हणून तो स्वतः लाथा खात उभा राहायचा.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल पेठांत आणि तालमींत वाढला. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ आमनेसामने असले की शाहू स्टेडियमच्या आसपासच्या रस्त्यांवर दुसरा विषय नसतो, आणि विश्वचषक आला की अर्धं गाव ब्राझीलचं, अर्धं अर्जेंटिनाचं होतं. माझा दादा आमच्या पेठेच्या संघातून हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचा. बॉल पायात घेऊन तो जरा थांबला की मागून कुणीतरी ओरडायचंच, "ठेवतोयस कशाला, पळ की!" मीही ओरडायचे. धावणाऱ्याला घाम येतो, घाम दिसतो, आणि जो दिसतो तोच कष्ट करतो असं सगळ्यांना वाटतं. रिकेल्मेला ब्युनोस आयर्सपासून बार्सिलोनापर्यंत हेच ऐकावं लागलं. फरक एवढाच की ओरडणाऱ्यांत काही वेळा त्याचे प्रशिक्षकच असायचे.

जन्म 24 जून 1978चा, ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला सान फर्नांडोत. वाढला जवळच्या डॉन तोर्क्वातोमधल्या गरीब वस्तीत, भावंडांच्या मोठ्या गोतावळ्यातला थोरला. सुरुवात आर्जेंतिनोस ज्युनिअर्सच्या पोरांच्या संघात. मॅराडोना ज्या क्लबात घडला तोच हा क्लब. 1996मध्ये बोका ज्युनिअर्सने त्याला घेतलं, आणि त्या नोव्हेंबरात उनिओन दे सांता फेविरुद्ध तो पहिल्यांदा वरच्या संघात उतरला. पुढच्या वर्षी मलेशियात वीस वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक अर्जेंटिनाने जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते हेच पेकरमन. संघात रिकेल्मे, कांबियासो, पाब्लो आयमार, वॉल्टर सॅम्युएल आणि लिओनेल स्कालोनी. स्कालोनी पुढे 2022च्या विश्वविजेत्या अर्जेंटिनाचा प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या बाजूला बसायला आयमार आणि सॅम्युएल होते.

त्याच 1997च्या ऑक्टोबरात बोकाच्या कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला मॅराडोना बाहेर बसला आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा रिकेल्मे आला. बोका दोन-एकने जिंकली. मॅराडोना त्यानंतर व्यावसायिक सामना खेळलाच नाही. इतक्या मोठ्या माणसाची जागा अशी मध्यंतरात अंगावर पडली तर कुणीही बावरेल. हा बावरला नाही, आणि त्याने मॅराडोनासारखं खेळून दाखवण्याचा प्रयत्नही केला नाही. मॅराडोना माणसांच्या गर्दीतून बॉल घेऊन आरपार निघून जायचा. हा गर्दी स्वतःकडे बोलवायचा.

1998मध्ये कार्लोस बियांची बोकाचे प्रशिक्षक झाले, आणि इथे नशिबाने साथ दिली असं म्हणायला हवं. या पोराला पळायला लावण्यात अर्थ नाही, त्याच्याभोवती पळणारी माणसं उभी करावीत, हे बियांचींनी ओळखलं. मागे बॉल हिसकावणारे हाफ, पुढे मार्टिन पालेर्मोसारखा गोल करणारा धटिंगण, मधे रिकेल्मे. 2000 आणि 2001 अशी लागोपाठ दोन वर्षं दक्षिण अमेरिकेची सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, कोपा लिबेर्तादोरेस, बोकाकडे आली. त्यातल्या रिव्हरविरुद्धच्या एका लढतीत रेषेजवळ मारिओ येपेसच्या दोन पायांमधून तळव्याने मागे ओढून काढलेला बॉल अर्जेंटिनात आजही लोक डोळ्यांपुढे आणू शकतात.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो टोकियोचा सामना. 28 नोव्हेंबर 2000, युरोपच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांची लढत, समोर रेआल माद्रिद. कासियास, येरो, रोबेर्तो कार्लोस, मकेलेले, फिगो, राऊल. पहिल्या सहा मिनिटांत पालेर्मोचे दोन गोल, आणि त्यातला दुसरा रिकेल्मेने आपल्या अर्ध्यातून टाकलेल्या लांब पासवर. बाराव्या मिनिटाला रोबेर्तो कार्लोसने एक परत केला. नंतरचा सगळा वेळ बोकाने आघाडी राखली, आणि ती राखली कशी ते पाहण्यासारखं आहे. मकेलेले, म्हणजे बॉल काढून घेण्यात जगात ज्याचा हात धरणारा नव्हता असा माणूस, रिकेल्मेच्या पाठीला लागला. बॉल त्याला मिळेना. शेवटी फाऊल. रिकेल्मे उठायचा, फ्री किक घ्यायचा, बॉल पुन्हा त्याच्याकडेच यायचा. पेकरमन यांनी हा सामना पाहिला नसेल असं होणं शक्य नाही, म्हणूनच बर्लिन मला जास्त लागतं.

पैशांवरून बोकाच्या व्यवस्थापनाशी त्याचं बिनसलं होतं. अध्यक्ष होते मौरिसिओ माक्री, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. 8 एप्रिल 2001ला बोकाच्या घरच्या मैदानावर, ला बोंबोनेरावर, रिव्हरविरुद्ध, रिकेल्मेची पेनल्टी गोलीने अडवली, परत आलेला बॉल त्याने डोक्याने आत घातला, आणि तो धावत माक्रींच्या कक्षासमोर जाऊन दोन्ही तळहात कानांमागे धरून उभा राहिला. टोपो जिजिओ या मोठ्या कानांच्या बाहुलीसारखे. मुलीला ती बाहुली आवडते म्हणून केलं, असं त्याने नंतर सांगितलं. सगळ्या स्टेडियमला मात्र अर्थ कळला होता. आम्ही काय म्हणतोय ते ऐकू येतंय का? भाषणं त्याने कधी केली नाहीत. चेहरा कायम उदास, बोलणं हळू आणि मोजकं. त्या माणसाने एवढा मोठा सवाल नुसत्या दोन हातांनी विचारला.

2002 त्याला वाईट गेलं. भावाचं अपहरण झालं आणि खंडणी देऊन त्याला सोडवावं लागलं. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी विश्वचषकाच्या संघात त्याला घेतलं नाही. तो बार्सिलोनाला गेला तर तिथे प्रशिक्षक लुई व्हान गाल. बॉल तुझ्याकडे असतो तेव्हा तू जगात सर्वांत चांगला, नसतो तेव्हा आम्ही एक माणूस कमी घेऊन खेळतो, असं व्हान गाल त्याला म्हणाले होते, हे पुढे रिकेल्मेनेच सांगितलं. त्याला कडेला खेळवलं गेलं. मधे उभा राहून मैदान वाचणाऱ्याला कडेला ढकललं म्हणजे त्याचं अर्धं मैदान काढून घेतलं. व्हान गाल यांच्या वाक्यात तथ्य होतं हे मी मान्य करते. बॉल परत मिळवायला रिकेल्मे फारसा धावायचा नाही. पण मग त्याला घ्यायचं कशाला? एखाद्याला बोलवायचं, त्याचं काम त्याला करू द्यायचं नाही, आणि दुसऱ्याचं काम येत नाही म्हणून नाव ठेवायचं, याचा मला आजही राग येतो. तो मोसम बार्सिलोनाने सहाव्या स्थानावर संपवला. पुढच्या उन्हाळ्यात रोनाल्डिन्यो आला आणि रिकेल्मेची रवानगी व्हियारेआलला झाली.

व्हियारेआल हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव, स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळचं. टाइल्स आणि सिरॅमिकचे कारखाने हा तिथला मुख्य धंदा, आणि क्लबचे मालक फर्नांडो रोइग त्याच धंद्यातले. हा क्लब स्पेनच्या पहिल्या श्रेणीत पहिल्यांदा आला तो 1998मध्ये. 2004पासून तिथे चिलीचे मानुएल पेलेग्रिनी प्रशिक्षक होते. त्यांनी बियांचींसारखंच केलं. मार्कोस सेन्ना मागे, सोरिन आणि आर्रुआबार्रेना डाव्या बाजूला, फोरलान पुढे, आणि सगळ्यांच्या मधे रिकेल्मे. त्या पहिल्याच मोसमात संघ लीगमध्ये तिसरा आला. फोरलानने पंचवीस गोल केले आणि तो लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. मँचेस्टरमध्ये ज्याची गोल होत नाहीत म्हणून चेष्टा व्हायची तो हाच फोरलान.

पुढच्या मोसमात हे गाव चॅम्पियन्स लीगमध्ये होतं. पात्रता फेरीत एव्हर्टनला हरवलं, गटात मँचेस्टर युनायटेड, बेनफिका आणि लील असताना पहिला क्रमांक, मग रेंजर्स, मग इंटर मिलान. इंटरविरुद्ध घरच्या सामन्यात रिकेल्मेची फ्री किक आर्रुआबार्रेनाच्या डोक्यावर आली आणि तेवढा एक गोल पुरला. उपांत्य फेरीत आर्सेनल. लंडनला एक-शून्यने हार. 25 एप्रिल 2006ला घरच्या एल माद्रिगालवर परतीचा सामना. आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाला होता आणि घरात मी एकटीच जागी होते. व्हियारेआलने तो सामना खेळून काढला, गोल तेवढा होईना. अगदी शेवटी होसे मारीला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली. तो गोल झाला असता तर सामना जादा वेळेत गेला असता. बॉल रिकेल्मेने घेतला. समोर येन्स लेमान. लेमानने ती अडवली.

रिकेल्मे म्हटलं की कित्येकांना ही पेनल्टीच आठवते. मी याच्याकडे वेगळ्या बाजूने बघते. त्या पेनल्टीपर्यंत ते गाव आलं कसं? एखाद्या महानगराचा पैसा त्या क्लबकडे नव्हता. एका माणसावर विसंबून, त्याच्या चालीने खेळायचं ठरवून ते तिथवर आले. दोन महिन्यांनी बर्लिनला अर्जेंटिनाच्या पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा गोलमध्ये तोच लेमान होता, आणि रिकेल्मे बाकावर बसलेला होता.

जर्मनीतल्या त्या विश्वचषकात आधी काय काय झालं होतं तेही सांगायला हवं. 16 जूनला गेल्सेनकिर्शेनमध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रोविरुद्ध अर्जेंटिनाने सहा गोल केले. त्यातला कांबियासोचा गोल पंचवीसच्या आसपास पासनंतर झाला, शेवटी क्रेस्पोची टाच. तो गोल पुन्हा बघाल तेव्हा कांबियासोकडे बघू नका, मधे बघा. रिकेल्मे बॉल घेतो, देतो, परत घेतो, सगळ्यांचा वेग खाली आणतो, प्रतिस्पर्धी जागा सोडेपर्यंत थांबतो. घाई झालेली कुठेच दिसत नाही. पेकरमन यांनीच तो संघ असा रचला होता, आणि बाद होण्याची भीती समोर आल्यावर त्यांनी स्वतःच तो मोडला.

मायदेशी टीका इतकी झाली की आईची तब्येत त्याने बिघडली, असं सांगून त्याने त्या सप्टेंबरात राष्ट्रीय संघ सोडला. व्हियारेआलमध्येही पेलेग्रिनींशी बिनसलं. यात चूक कोणाची हे ठरवायचं तर रिकेल्मेलाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. तो हट्टी होता, रुसायचा, आणि ज्याच्यावर सगळा संघ उभा आहे तो रुसला की सगळा संघ बसतो. 2007च्या फेब्रुवारीत तो काही महिन्यांपुरता बोकाकडे परतला.

आणि त्या काही महिन्यांत त्याने जे केलं त्याला मी त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर काळ म्हणेन. प्रशिक्षक मिगेल आन्खेल रुसो. लिबेर्तादोरेसच्या अंतिम लढतीत ब्राझीलचा ग्रेमिओ. घरच्या सामन्यात तीन-शून्य, त्यात रिकेल्मेची फ्री किक थेट जाळ्यात. पोर्टो अलेग्रेच्या परतीच्या सामन्यात दोन-शून्य, दोन्ही गोल त्याचे. अंतिम लढतीच्या दोन सामन्यांत पाच गोल आणि त्यातले तीन त्या माणसाचे, ज्याच्याबद्दल युरोपात मोठ्या सामन्यात तो दिसेनासा होतो असं म्हणत होते. त्या स्पर्धेत त्याने आठ गोल केले. तो अचानक पळायला लागला होता असं नव्हे. तीच चाल, तोच तळवा बॉलवर. फक्त आजूबाजूची माणसं त्याच्यावर चिडत नव्हती.

2008च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो अर्जेंटिनाचा कर्णधार होता. मेस्सी, आग्वेरो, दि मारिया ही पोरं त्याच्या हाताखाली, आणि सुवर्णपदक. मेस्सीचाही जन्म 24 जूनचाच, नऊ वर्षांनी नंतरचा. या दोघांना एकत्र खेळायला आणखी चार-पाच वर्षं मिळायला हवी होती. 2008च्या अखेरीस मॅराडोना राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, 2009मध्ये त्याने टीव्हीवर रिकेल्मेकडून काय हवं ते बोलून दाखवलं आणि याने संघच सोडला. 51 सामने, 17 गोल, कायमचं बंद. मला इथे दोघांचाही राग येतो.

2011मध्ये, तो खेळत असतानाच, बोकाने त्याचा पुतळा उभा केला. 2012च्या जुलैत लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना कोरिंथियन्सकडून हरल्यावर त्याच रात्री तो म्हणाला की मी रिकामा झालोय, क्लबला देण्यासारखं काही उरलं नाही. खेळाडू दुखापत सांगतात, वय सांगतात. हा रिकामा झालोय म्हणाला. पुढच्या वर्षी बियांचींच्या हाताखाली परत आला खरा, पण शेवट त्याने आर्जेंतिनोस ज्युनिअर्समध्ये केला, दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या आपल्या पहिल्या क्लबात. त्यांना वर आणलं आणि जानेवारी 2015मध्ये बूट काढले.

त्याची जागाही त्याच्याबरोबर गेली. आज दहा नंबरवाला कडेला खेळतो, किंवा खाली उतरून बॉल हिसकावतो, किंवा दोन्ही करतो. प्रतिस्पर्ध्याने बॉल घेतल्याबरोबर सगळ्यांनी तुटून पडायचं असा खेळ आला, आणि त्यात उभा राहणारा माणूस परवडत नाही. आताचा फुटबॉल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मी तो आवडीने बघते. 9 डिसेंबर 2022ला कतारमध्ये अर्जेंटिना विरुद्ध नेदरलँड्स चालू असताना मात्र मी ताडकन उठून बसले. पेनल्टीवर गोल करून मेस्सी डच बाकासमोर गेला आणि तळहात कानांमागे धरून उभा राहिला. बाकावर प्रशिक्षक म्हणून बसले होते लुई व्हान गाल.

रिकेल्मे 2019च्या डिसेंबरात बोकाचा उपाध्यक्ष झाला. 2023च्या डिसेंबरात तो अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा विरोधी गटातून उपाध्यक्षपदासाठी खुद्द माक्री उभे होते. 43 हजारांहून जास्त सभासद मतदानाला आले आणि जवळपास दोन तृतीयांश मतं रिकेल्मेला पडली. त्याच्या कारभारावर टीका होते आणि त्यातली बरीच मला रास्त वाटते. 2023मध्ये बोका लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना फ्लुमिनेन्सेकडून हरली, त्यानंतर प्रशिक्षक एकामागून एक बदलत गेले. बियांचींनी त्याला जेवढा वेळ दिला तेवढा त्याने कुणाला दिलेला दिसला नाही. 2025च्या मध्यावर त्याने पुन्हा मिगेल आन्खेल रुसो यांना बोलावलं. रुसो आजारी होते, तब्येत ढासळत गेली, सराव सहायकांनी घ्यायला सुरुवात केली, तरी पद त्यांच्याकडेच राहिलं. 8 ऑक्टोबर 2025ला ते गेले तेव्हा ते बोकाचे प्रशिक्षक होते. निकालांची घाई असलेल्या क्लबात एवढी वाट पाहणारा अध्यक्ष टीकेला पात्र आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांच्याशी वाद घालायला मी एका पायावर तयार आहे.